एकशे एकतिसावी : अमेरिकेतल्या मराठी आईबाबांना खुले पत्र

अमेरिकेतल्या मराठी मंडळांत दर गणपती-दिवाळीला भेटणाऱ्या तमाम आईबाबांना,

सस्नेह नमस्कार, वि. वि.

गेल्या गणपतीत आरतीनंतर जेवणाच्या रांगेत उभी होते. पुढे ओळखीचे एक गृहस्थ. मागे वळून म्हणाले, "मुलगी कॉलेजच्या टीमकडून धावते असं ऐकलं. अरे वा! स्कॉलरशिप किती?"

"शून्य," मी म्हटलं.

त्यांना तो माझा विनय वाटला. "पूर्ण नसेल, पण निम्मी तरी?"

"नाही हो. एक डॉलरही नाही. त्या कॉलेजांत खेळासाठी पैसे द्यायचेच नाहीत असा नियम आहे."

रांग दोन पावलं सरकली. गेली तीन वर्षं मला कोणी ना कोणी विचारतंच आहे, तोच प्रश्न त्यांनी मसालेभात वाढून घेता घेता विचारला : "मग खेळून मिळतं काय?"

हातात भरलेलं ताट, कढी सांडायच्या बेतात, मागे पन्नास माणसं. उत्तर राहून गेलं. ते इथे देते, आणि तुम्हा सगळ्यांनाच देते, कारण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. बराच काळ तो माझाही होता.

आधी कॉलेजविषयी. नाव लिहीत नाही. लेकीने तशी अटच घातली आहे. दोन हजारांहून कमी मुलं, सगळी पदवीचीच, वर्गात पंधरा-वीस डोकी, शिकवायला खुद्द प्राध्यापक. याला इथे लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. आपल्यात हे नाव काढलं की लगेच कोणीतरी विचारतं, "आर्ट्सला घातलंत? मार्क कमी पडले का?" ती रसायनशास्त्र शिकते आहे. विल्यम्स, ॲम्हर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना, बोडन, हॅवरफर्ड ही सगळी याच जातकुळीतली. प्रवेशाच्या वेळी भल्याभल्यांना घाम फोडणारी कॉलेजं आहेत ही, पण मंडळाच्या गुणगौरवात यांचं नाव पुकारलं की टाळ्या अर्ध्या हातांनीच पडतात.

आता खेळ. कॉलेजांच्या खेळाचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने १९७३ साली कॉलेजांचे तीन विभाग पाडले. टीव्हीवर दिसतो तो पहिला, डिव्हिजन वन. मिशिगन विद्यापीठाचं एकट्या (अमेरिकन) फुटबॉलचं स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं आहे, म्हणजे आपलं वानखेडे तिप्पट करा आणि वर थोडी माणसं उभी करा. तिसरा विभाग, डिव्हिजन थ्री, हा आमचा. इथे खेळाच्या नावावर शिष्यवृत्ती देता येत नाही. फीमध्ये सूट मिळते ती घरचं उत्पन्न पाहून नाहीतर अभ्यास पाहून, आणि ती ठरवणाऱ्या ऑफिसात कोचला तोंड घालता येत नाही. ऐकून हा विभाग गरीब नातेवाइकासारखा वाटतो, पण तिघांत मोठा हाच : सव्वाचारशेच्या आसपास कॉलेजं, सुमारे दोन लाख खेळाडू.

मिशिगनमध्ये पदवीच्या तीस हजारांवर मुलांतली जेमतेम हजारभर विद्यापीठाकडून खेळतात; बाकीची निळे-पिवळे टीशर्ट घालून ओरडतात. ॲम्हर्स्ट किंवा विल्यम्समध्ये दोन-एक हजार मुलांतली साधारण तिसरा हिस्सा कुठल्या ना कुठल्या संघात असतात. ओरडायला माणूसच शिल्लक राहत नाही. म्हणून आमच्या सामन्यांना प्रेक्षक कोण, तर आईबाप, एखादी रूममेट, आणि कोणाचा तरी कुत्रा.

याच दोन कॉलेजांमध्ये १ जुलै १८५९ रोजी मॅसेच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी बेसबॉलचा सामना झाला. दोन कॉलेजांमधला अमेरिकेतला तो पहिला. ॲम्हर्स्टने विल्यम्सला ७३ विरुद्ध ३२ असं हरवलं. आकडे बेसबॉलचे वाटत नाहीत, गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटचे वाटतात. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं : सामन्याला जोडून दोन्ही कॉलेजांत बुद्धिबळाचाही डाव ठेवला होता. तोही ॲम्हर्स्टने जिंकला. म्हणजे ज्या पोरांनी चेंडू मारला आणि ज्यांनी उंट-घोडे हलवले, ती एकाच सहलीला आली होती. आपल्याकडे 'हा खेळातला' आणि 'हा अभ्यासातला' अशी वाटणी पाचवीतच होते.

हॅवरफर्डची गोष्ट तर तुम्हाला ठाऊक असायलाच हवी होती, आणि कोणालाच ठाऊक नसते. फिलाडेल्फियाला जाताना त्या गावावरून आपल्यापैकी कितीजण गेले असतील! क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८३३ साली हे कॉलेज काढलं. बाग आखायला विल्यम कार्व्हिल नावाचा इंग्रज माळी ठेवला, आणि त्या माळ्याने पोरांच्या हातात बॅट दिली असं तिथे सांगतात. बेसबॉलने अमेरिका व्यापली, फिलाडेल्फियातलं बाकीचं क्रिकेट हळूहळू विझलं, हॅवरफर्डमध्ये मात्र चालू राहिलं. १८६४ मध्ये त्यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी सामना खेळला. १८९६ मध्ये विद्यार्थ्यांचा संघ बोटीने इंग्लंडला जाऊन तिथल्या शाळा-कॉलेजांशी खेळून आला. १८९९ मध्ये आपले रणजितसिंहजी संघ घेऊन फिलाडेल्फियाला खेळायला आले होते, तेव्हा या भागात क्रिकेट ही कौतुकाने बघायची गोष्ट होती. आज एकूण जेमतेम चौदाशे मुलं असलेलं हे कॉलेज कॉलेजच्या खर्चाने अधिकृत क्रिकेट संघ चालवणारं अमेरिकेतलं एकमेव कॉलेज म्हणून ओळखलं जातं. लायब्ररीत क्रिकेटच्या पुस्तकांचा स्वतंत्र संग्रह आहे. कामरान खान कित्येक दशकं त्यांचे कोच होते. आणि संघात असतात कोण? थोडी आपल्याकडची, पाकिस्तानची, कॅरिबियनमधली पोरं. पण दरवर्षी आयुष्यात कधी बॅट न धरलेलीही असतात. बेसबॉल सोडून आलेला, चेंडू टप्पा घेऊन का येतो हे आधी समजून घेणारा एखादा ओहायोचा पोरगा.

फुटबॉल मात्र हॅवरफर्डने १९७२ मध्ये बंद केलं. फुटबॉल सोडून क्रिकेट ठेवणारं कॉलेज अमेरिकेत आहे, हे मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. १९०० नंतर थेट २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकला क्रिकेट परत येतंय. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, मुंबईत. तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिरंग्यांचा पाऊस पडला होता. त्या माळ्याची आठवण कोणाला असणार?

आता माझं सांगते. मी मूळची सांगलीची. नववीपर्यंत शाळेकडून खो-खो खेळले. खांबाजवळ सूर मारून गडी टिपायचा, हा माझा हातखंडा. कोपराला अजून व्रण आहे. दहावीचं वर्ष लागलं तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, समोर बसवून विचारलं, "राज्य पातळीपर्यंत जाशील का? गेलीस तर बोर्डात सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना जागा असतात. तिथवर जाणार असशील तर खेळ." जिल्ह्याच्या निवडीत माझं नाव आलं नाही. विषय संपला. दादा कठोर नव्हते, हिशेबी होते. शिक्षकाच्या पगारात चार माणसं पोसणाऱ्याला हिशेबी असावंच लागतं. पण त्या दिवशी खेळ म्हणजे गुण, गुण म्हणजे जागा, हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला तो बसलाच. सातासमुद्रापलीकडे येताना प्रेशर कुकरबरोबर तोही घेऊन आले.

म्हणून लेक हायस्कूलला क्रॉस कंट्री, म्हणजे गवत-टेकाडांवरून लांब पल्ल्याची शर्यत, धावायला लागली तेव्हा मीही विचारलं, "याचा कॉलेजला काही उपयोग होईल का?" नुसतं विचारून थांबले नाही. अकरावीत असताना तिच्या नावाने, तिच्या ईमेलवरून, तिला न सांगता, एका कॉलेजच्या कोचला पत्र पाठवलं. 'मला आपल्या संघाविषयी नितांत आदर आहे' वगैरे. दोन दिवसांनी कोचचं उत्तर आलं, फार सभ्य : पत्र छान आहे, पण मला तुमच्या मुलीकडून ऐकायला आवडेल. कसं ओळखलं कोण जाणे. 'नितांत आदर'ने घात केला असावा. ते उत्तर लेकीने आधी वाचलं, आणि पुढचे चार दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

तेव्हा आतली गोष्ट सांगायचा मला अधिकार आहे असं समजते. शिष्यवृत्ती नसली तरी या कॉलेजांत खेळाडूला प्रवेशात झुकतं माप मिळतं. लपवण्यात अर्थ नाही. आपल्यातल्या काहींनी ते आधीच हेरलं आहे. कोचला हवी असलेली मुलं तो उन्हाळ्यातच प्रवेश-ऑफिसला कळवतो, ऑफिस त्यांचे मार्क पाहून 'जमेल' किंवा 'नको' सांगतं. याला 'प्री-रीड' म्हणतात. जमेल म्हटलं तर मुलाने नोव्हेंबरात बांधील अर्ज भरायचा, म्हणजे प्रवेश मिळाला की तिथेच जायचं. ॲम्हर्स्टने २०१६ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की दरवर्षी साठ-सत्तर जागा अशा असतात जिथे खेळ हाच निर्णायक ठरतो, आणि एका वर्षाची मुलं तिथे पाचशेच्या आत. हेही कबूल केलं की खेळाडूंमध्ये गोरी आणि खात्यापित्या घरची मुलं बाकी कॉलेजच्या मानाने जास्त आहेत. घरातलं उणं स्वतः छापणारी संस्था विरळाच, म्हणून त्या अहवालाचं मला कौतुक आहे.

पण आपण त्यातून काय शिकलो? नऊ वर्षांच्या पोरांना तलवारबाजीला घातलं. स्क्वॉशला घातलं, कारण 'स्क्वॉशला स्पर्धा कमी'. स्क्वॉश सुंदर खेळ आहे. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ पासून सलग २५२ सामने जिंकले, ओळीने १३ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली, आणि जानेवारी २०१२ मध्ये येलने ती माळ तोडली तेव्हा मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली. त्या संघांत जगभरची पोरं होती, आपल्या मुंबईचा माणेक माथुर त्यातलाच. पण ती पोरं स्क्वॉशवेडी होती. तुमचा मुलगा कोर्टवर रडतो आणि तुम्ही काचेपलीकडून ताशी शंभर डॉलर मोजता, याला वेड म्हणत नाहीत. २०१९ मध्ये श्रीमंत आईबाप पोरांचे खोटे खेळाडू-दाखले बनवून, कोचना पैसे चारून मोठ्या विद्यापीठांत प्रवेश मिळवताना पकडले गेले, तेव्हा आपण मंडळात 'हे गोरे असेच' म्हणून हसलो होतो. त्यांनी गुन्हा केला, आपण करत नाही, हे मान्य. पण खेळाला शिडी समजणं दोन्हीकडे तेच. मी ईमेल पाठवलं होतं, तेव्हा मला बोलायला तोंड कमीच आहे, तरी बोलते.

झुकत्या मापाची किंमत कॉलेजलाही मोजावी लागते. स्वार्थमोरने डिसेंबर २००० मध्ये फुटबॉल, कुस्ती आणि मुलींचं बॅडमिंटन बंद केलं. (बॅडमिंटन! आपल्या किती मुली तिथे चमकल्या असत्या.) हिशेब साधा होता. दरवर्षी चारशेच्या आत नवी मुलं घेणाऱ्या कॉलेजने दोन डझन संघ चालवायचे, त्यात फुटबॉलसारखा साठ-सत्तर पोरांचा संघ, तर व्हायोलिनवाली, प्रयोगशाळेत रात्र काढणारी, कविता लिहिणारी मुलं बसवायची कुठे? माजी विद्यार्थी खवळले, खेळाडू रडले, देणग्या थांबवायच्या धमक्या आल्या. मला विचाराल तर निर्णय बरोबर होता. सांगण्याची पद्धत चुकली असेल. छोट्या घरात एक मोठं कपाट आणलं की बाकी सामान बाहेर काढावं लागतं.

याच्या उलट टोकाचाही धोका सांगते, कारण आपली माणसं त्याला हमखास फसतात. सगळी छोटी कॉलेजं ॲम्हर्स्टसारखी गडगंज नाहीत. कित्येकांना जागा भरण्याचीच चिंता आहे, आणि त्यातल्या काहींनी खेळ हाच मार्ग धरला. मिशिगनमधलं एड्रियन कॉलेज याचं प्रसिद्ध उदाहरण : २००५ नंतर नव्या अध्यक्षांनी नवे संघ काढले, मैदानं बांधली, कोचना 'इतकी मुलं आणा' असे आकडे दिले, आणि काही वर्षांत विद्यार्थिसंख्या जवळपास दुप्पट झाली. चालू कॉलेज बंद पडण्यापेक्षा हे बरंच. पण आईबाप म्हणून समजून घ्या : तुमच्या मुलाला गोड गोड पत्रं लिहिणारा कोच कधी कधी फी गोळा करणाराही असतो. 'तुझी निवड झाली' म्हणतो, आणि ऑगस्टमध्ये जाऊन पाहावं तर संघात शंभर पोरं, मैदानावर उतरणार अकरा. तेव्हा विचारा : संघात एकूण किती? गेल्या वर्षी सामन्यात किती उतरले? पहिल्या वर्षी आलेल्यांतले चौथ्या वर्षी किती उरतात? शेवटच्या प्रश्नावर कोच अडखळला तर समजून जा.

आमच्या लेकीला कोचने सरळ सांगितलं, तुझी वेळ मला प्रवेश-ऑफिसपुढे मांडण्याजोगी नाही. पण स्वतःच्या मार्कांवर आलीस तर संघात ये, कोणाला परत पाठवत नाही. मार्कांवर प्रवेश मिळवला, संघात गेली. झुकतं माप नाही, पैसे नाहीत. धावते.

हरण्याचंही आपल्याला वावडं आहे, म्हणून कॅलटेकचं सांगते. कॅलटेक म्हटलं की आपल्यात लोक उठून उभे राहतात. नोबेलवाल्यांची रांग आहे तिथे. त्याच कॅलटेकचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ आपल्या लीगमध्ये सलग ३१० सामने हरला. तीनशे दहा! सव्वीस वर्षं एकही विजय नाही. २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटल कॉलेजला (ओबामा आधी इथेच होते, मग कोलंबियाला गेले) त्यांनी ४६-४५ असं एका गुणाने हरवलं आणि पोरं कोर्टवर धावत सुटली. आपल्या मंडळातल्या एखाद्या बापाने अशा संघातल्या मुलाला दुसऱ्या वर्षीच घरी बसवलं असतं. त्याच लीगमध्ये पोमोना-पिट्झरला (पोमोना आणि पिट्झर या दोन कॉलेजांचा एकत्र संघ) ग्रेग पोपोविच नावाचा तरुण कोच १९७९ मध्ये आला. पहिल्या हंगामात २ जिंकला, २२ हरला. त्या हरण्यात एक कॅलटेकविरुद्धचंही होतं. कॉलेजने त्याला हाकललं नाही. तो तिथल्या समित्यांवर बसला, पोरांबरोबर वसतिगृहात राहिला, आणि १९८६ मध्ये ६८ वर्षांनी संघाला लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. पुढे त्याने सॅन अँटोनियो स्पर्सला पाच वेळा एनबीए, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलची लीग, जिंकून दिली. 'बघा, शेवटी मोठा झालाच!' असं म्हणायला तुम्ही तोंड उघडलंच असेल. अहो, त्याच्या २ विजयांच्या हंगामातली पोरं मोठी झाली नाहीत, ती डॉक्टर-वकील-मास्तर झाली. ती का येत होती संध्याकाळी सरावाला?

माझं उत्तर इथून सुरू होतं, आणि ते ऑक्टोबरमधल्या एका शनिवारचं आहे.

गोल्फ कोर्सवर शर्यत होती. रात्री पाऊस झालेला, गवताखाली चिखल. मुलींचं अंतर ६ किलोमीटर. क्रॉस कंट्रीचा हिशेब असा : संघातल्या पहिल्या पाच मुलींच्या क्रमांकांची बेरीज करायची, ज्यांची कमी ते जिंकले. सहावी-सातवी मोजत नाहीत, पण दुसऱ्या संघाच्या मुलींना मागे ढकलतात म्हणून त्यांचाही उपयोग. आठवीपासून पुढे हिशेबात कोणी नाही. आमची लेक संघातली अकरावी. बापाला शर्यतीचा नकाशा पाठ, तो एका टेकाडावरून दुसऱ्याकडे पळत होता. मी कांदेपोह्यांचं पातेलं घेऊन टेबलाशी. (पोहे पहिल्या वर्षी कोणी खाईना. आता मला संघाकडून मेसेज येतो : पिवळा भात आणणार ना?)

पहिली आली ती दुसऱ्याच कॉलेजची, हरणासारखी. मग झुंडी. मग मोकळी जागा. मग पुन्हा झुंड, आणि त्यात ती. चिखलाने पिंढऱ्या काळ्या, तोंड वेडंवाकडं, एका पायातला बूट जवळजवळ निघालेला. शेवटच्या चढावर तिच्या संघातल्या आधी पोचलेल्या सात-आठ मुली परत चालत येऊन उभ्या होत्या, स्वतः धड श्वास घेता येत नाही आणि हिच्या नावाने बोंब मारताहेत. कोच घड्याळाकडे बघत आकडे ओरडत होता, जणू जगज्जेतेपद ठरतंय. लेक पोचली, दोन पावलं चालली आणि गवतात आडवी झाली. दोनशेच्या वर मुलींमध्ये एकशे एकतिसावी.

मी धावत गेले, आईच ती. म्हटलं, "पाणी?" तिने डोळे न उघडता हात वर केला, चार बोटं दाखवली. मला कळेना. मग म्हणाली, "चाळीस. चाळीस सेकंद कमी." आणि हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला.

पंचवीस वर्षं मी हिशेबाच्याच धंद्यात आहे, अकाउंटंट आहे. त्या चाळीस सेकंदांची नोंद कुठल्या खात्यात करायची ते मला अजून जमलेलं नाही. संघाच्या बेरजेत ती नाहीत. प्रवेशाला लागली नाहीत. नोकरीच्या अर्जात ती लिहील की नाही, शंका आहे. मंगळवारी तिची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा साडेचारपर्यंत असते, तिथून ती बॅग पाठीला लावून थेट सरावाला जाते, साडेसहाला जेवायला, आठला लायब्ररीत. सगळे सेकंद त्यातूनच काढलेले.

२०२४ ची एक गोष्ट सांगायची राहिली. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज, १८५६ चं. पैसे संपले, राज्य सरकारकडून कर्ज मिळेना, मार्चमध्ये जाहीर केलं की ३१ मे रोजी कायमचं बंद. तिथल्या बेसबॉल संघाचा हंगाम चालू होता. पोरं खेळत राहिली, जिंकत राहिली, आणि डिव्हिजन थ्रीच्या अंतिम स्पर्धेला पात्र ठरली. स्पर्धा ओहायोतल्या ईस्टलेक गावी, पहिला सामना ३१ मे रोजीच. म्हणजे ती मैदानावर होती आणि तिकडे कॉलेजला कुलूप लागलं. तो सामना हरले. दुसऱ्या दिवशी, नसलेल्या कॉलेजचा शर्ट अंगात घालून, शेवटच्या क्षणी जिंकले. तिसऱ्या दिवशी हरले आणि संपलं. आता सांगा, या पोरांना कोण स्कॉलरशिप देणार होतं? दाखला तरी कोणाच्या सहीचा?

माझं मागणं फार नाही. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती आहे : जूनमधल्या गुणगौरवात मुलाच्या नावापुढे नुसतं कॉलेजचं नाव वाचू नका. तो काय खेळतो, काय वाजवतो, हेही विचारा आणि वाचा. जिंकला का, हे विचारू नका. गेल्या वर्षी एका मुलीने अर्जात 'रग्बी' लिहिलं होतं, आणि समितीतल्या कोणीतरी ते 'इतर' मध्ये घातलं. ती समिती आमचीच होती. कोणीतरी म्हणजे मीच.

आणि रांगेत पुढे असलेले काका, तुम्हालाही निरोप. येत्या ऑक्टोबरात इथून दीड तासावर एक शर्यत आहे, लेकीची शेवटून दुसरी. तिकीट नसतं. सकाळी नऊला पोचा. जुने बूट घाला, चिखल असतो.

आपली,
न्यू जर्सीतली एक आई

ता. क. : लेकीला हे पत्र वाचायला दिलं होतं. तिने एकच दुरुस्ती सुचवली : एकशे एकतिसावी नाही, एकशे एकोणतिसावी. दोघी नंतर बाद झाल्या. मी शीर्षक बदललेलं नाही.